शाळेच्या क्रीडामहोत्सवात मुलींचं चिअरलीडिंग : थर किती लावायचे?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. सांगलीतली एक शाळा आहे, नाव मुद्दाम देत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात क्रीडामहोत्सव आहे आणि आठवी-नववीच्या २२ मुलींना यंदा लेझमीऐवजी चिअरलीडिंग करायचंय. हातात सहा आठवडे, आठवड्याला तीन दिवस, दर वेळी पाऊण तास. पटांगण सिमेंटचं, कडेला पेव्हर ब्लॉक. कार्यक्रमाला वेळ अडीच मिनिटं.

मुलींनी व्हिडिओ बघून चार थरांचा मनोरा पक्का केलाय. पालकसभेत एकांनी सुचवलं, "चारच का, पाच लावा, पेपरात फोटो येतो." मुख्याध्यापकांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हणजे निर्णय शिकवणाऱ्यांच्या गळ्यात.

तर किती थर ठीक? आधी काय शिकवायचं? खाली काय अंथरायचं? आणि हे सोडून सरळ लेझीमच बरी, असं कुणाचं म्हणणं असेल तर तेही सांगा. जाणकारांनी तपशिलात लिहावं.

भडंग_मित्रमंडळ

रुमाल टाकून ठेवतो. धागा पेटणार.

हलगी_घुमकं

पेटवतोच. लेझीम का नको? एका लेझमीत लय, दम, पाय आणि खांदा सगळं येतं. चार आवाज, एक जगह, आदिलगाव, पवित्रा, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग एवढं जरी स्वच्छ बसवलं तरी अडीच मिनिटं भरून उरतात. कुणी कुणाच्या डोक्यावरून पडत नाही. सातारा-सांगलीच्या पोरींनी आयपीएलचे झुपके (पॉम-पॉम) हातात घेऊन काय सिद्ध करायचंय?

बाराखडी

हलगीसाहेब, आयपीएल २००८ ची. चिअरलीडिंग तिच्याहून ११० वर्षांनी जुनं आहे. २ नोव्हेंबर १८९८ ला मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभं राहून आरोळ्या द्यायला लावल्या, ती सुरुवात धरतात. पहिली पंचवीस वर्षं हा पुरुषांचाच प्रांत होता, मुली १९२३ च्या आसपास आल्या. १९४८ मध्ये टेक्सासात लॉरेन्स हर्किमरने पहिलं शिबिर घेतलं, त्यात ५२ मुली आणि एकच मुलगा. झुपक्यांच्या मुठीचं पेटंटही याच हर्किमरच्या नावावर. आज या खेळाचा आंतरराष्ट्रीय संघ आहे आणि ऑलिंपिक समितीने त्याला २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिलीय.

सीमारेषेवर नाचतात तो त्यातला एक तुकडा. स्पर्धेतलं चिअर म्हणजे जिम्नॅस्टिक्स, उचल आणि आरोळी. आरोळी तर आपल्याकडेही आहेच, कुस्तीच्या फडात जाऊन बघा.

हलगी_घुमकं

इतिहास मान्य. हट्ट कायम.

खांदेकरी

थरांचा प्रश्न हिशोबाने सोडवू.

आपल्याकडे २६ जानेवारीला लावतात तो गुडघ्यांवरचा मनोरा धरा. खाली तीन, वर दोन, त्यावर एक. प्रत्येकीचं वजन ४० किलो. वरचीचं वजन खालच्या दोघींत निम्मं-निम्मं वाटलं जातं, म्हणजे मधल्या थरातल्या प्रत्येकीवर २०. तिचे स्वतःचे ४० मिळवून ६० खाली उतरतात, तेही निम्मे-निम्मे. त्यामुळे तळातल्या कडेच्या दोघींवर ३०-३० किलो आणि मधलीवर ६०. म्हणजे तीन थरांतच मधल्या मुलीच्या पाठीवर स्वतःच्या दीडपट ओझं.

चार थर केले, की तळातल्या कडेच्या मुलींवर ३५ येतात आणि मधल्या दोघींवर ८५-८५. पाच थरांत कडेला साडेसदतीस, त्यांच्या आतल्या दोघींवर १०० आणि अगदी मधोमध असलेल्या मुलीवर १२५ किलो. पेपरातल्या फोटोत ती मुलगी दिसतसुद्धा नाही.

हा हिशोब मनोरा स्थिर असतानाचा. चढताना एक गुडघा टेकून दुसरा उचलला की तेवढ्या वेळापुरता सगळा भार एकाच पाठीवर जातो. त्यात गुडघा पाठीच्या मधोमध पडला तर कणा खाली वाकतो. गुडघे कमरेखालच्या रुंद हाडावर आणि हात खांद्याच्या पात्यांवर, एवढं पाळलं तरी अर्धं दुखणं टळतं. आणि असा मनोरा कोसळतो तो बाहेरच्या बाजूला नाही, आत. वरच्या मुली तळातल्यांच्या अंगावर येतात, आणि तळातल्यांचे हात जमिनीला टेकलेले असल्यामुळे त्यांना सरकायलाही जागा नसते.

जपानमध्ये शाळांच्या क्रीडादिनाला असे मनोरे रचायची मोठी प्रथा होती. थर वाढत वाढत दहापर्यंत गेले, मुलं जखमी होऊ लागली, आणि ओसाका शहराने २०१६ मध्ये आपल्या शाळांतून हा प्रकारच बंद केला. तिथेही सुरुवात तीन थरांपासूनच झाली असणार.

बेदाणा

आपल्याकडचंही बघा. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने दहीहंडीला २० फुटांची मर्यादा आणि १८ वर्षांची अट घातली होती. पुढे उंचीची मर्यादा गेली, पण १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घेणार नाही अशी हमी सरकारने २०१७ मध्ये कोर्टात दिली. आठवीतल्या बऱ्याच मुली तेराच्या असतात. म्हणजे हंडीला जे चालत नाही ते शाळेच्या पटांगणावर, तेही सिमेंटवर?

भडंग_मित्रमंडळ

काय मर्दा, १२५ किलो! तासगावच्या बाजारातली पोती बरी, ती तक्रार तरी करत नाहीत.

समतोल

खांदेकरींचा हिशोब वहीत लिहून ठेवा, पालकसभेत उपयोगी पडेल. आता चिअरच्या बाजूने. अमेरिकेतल्या शाळांच्या नियमातही मनोरा दोन माणसांच्या उंचीवर थांबतो. महाविद्यालयांना अडीच. 'अडीच' म्हणजे मधल्या उंचीवर कुणी मांडीवर किंवा खांद्यावर असतं. तुम्हाला दोनच. पण त्या दोनमध्ये शिकण्यासारखं इतकं आहे की सहा आठवडे पुरणार नाहीत.

गट पाच जणींचा करा. दोघी तळाच्या, एक वरची, एक मागची, एक पुढची. पुढचीला नंतर काढता येतं, पण पहिले चार आठवडे नाही. २२ मुलींत असे चार गट होतात आणि दोघी बदली राहतात. बदली हव्यातच. डिसेंबर म्हणजे चाचणी, ताप, मासिक पाळी, मामाचं लग्न.

पहिले दोन आठवडे फक्त मांडीवरचं उभं राहणं. तळाच्या दोघी शेजारी शेजारी, आतला पाय गुडघ्यात वाकवून बाहेरचा ताठ. आतली पावलं एकमेकींना चिकटलेली, म्हणजे दोघी दूर सरकत नाहीत. वरचीने पाऊल मांडीच्या मध्यावर ठेवायचं नाही. मांडी आणि कंबर जिथे मिळतात तिथे वाकल्यावर खोबण तयार होते, पाऊल तिथे. मध्यावर ठेवलं तर घसरतं आणि खालचीला ते वजन दुप्पट वाटतं. तळाचीचा एक हात वरचीच्या गुडघ्याच्या वरून वेढलेला, दुसरा तिच्या चवड्याखाली. मागचीचे हात वरचीच्या कमरेला, ती जमिनीवर उतरेपर्यंत.

हे डोळे झाकून जमेल तेव्हा पुढची पायरी : खांद्याच्या उंचीची उचल. तळाच्या दोघी आता समोरासमोर. पाठ सरळ, बसायचं गुडघ्यातून, तळवे पोटापाशी ताटासारखे. वरचीचे हात त्यांच्या खांद्यांवर. मोजणी मागचीने करायची, कारण चौघींचे हात-पाय फक्त तिलाच दिसतात. एक-दोनला सगळ्या बसतात, तीन-चारला पायांच्या जोराने उठतात, पाच ते आठ स्थिर. तळाचीचा एक तळवा टाचेखाली, दुसरा चवड्याखाली, कोपर अंगाशी आणि पाऊल स्वतःच्या गळ्याच्या हाडापाशी ओढून धरलेलं. मागचीचे हात घोट्यांवर.

बिघडतं ते बहुतेक वेळा याच जागी. वरचीने खाली बघितलं की कंबर मागे जाते आणि वजन टाचांवर येतं. मग तळाच्यांना वाटतं ही जड आहे. जड नसते, वाकलेली असते. तिला समोरच्या झाडाचा शेंडा किंवा दुसऱ्या मजल्याची खिडकी नेमून द्या. दुसरा बिघाड तळाच्यांचा. त्या नकळत अर्धा-अर्धा पाऊल मागे सरकतात आणि वरचीचे पाय फाकतात. जमिनीवर खडूने त्यांच्या पावलांच्या खुणा करा. तिसरा मागचीचा. टाळ्या पडल्या की ती हात सोडून स्वतःच टाळ्या वाजवते. हसू नका, हे सर्रास होतं.

कुतूहल_मिरज

उतरवायचं कसं? व्हिडिओत वरून टाकतात आणि खाली झेलतात.

समतोल

झेलायचं नाही. सहा आठवड्यांच्या गटाने हवेत फेकणं हा विषयच नको. तळाच्या एक-दोनला गुडघ्यात वाकतात, वरची त्यांचे हात धरते आणि पायरी उतरल्यासारखी पुढे उतरते. मागची तिच्या कमरेला धरून वजन घेते. उतरतानाही मोजणी तीच. अपघात चढण्यापेक्षा उतरताना जास्त होतात, कारण 'झालं एकदाचं' म्हणून सगळ्या सैल पडतात.

आणि एक नियम पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहा : वरची पडायला लागली तर कुणी मागे पळायचं नाही, सगळ्यांनी आत यायचं. डोकं, मान, खांदे आधी झेलायचे. पाय टेकले तरी चालतील.

शुश्रूषा

समतोल यांच्या नियमाला जोड. वरचीने पडताना हात ताठ करून जमिनीवर टेकायचे नाहीत. मनगट आणि कोपर मोडतात ते असेच. हात छातीशी घ्यायचे आणि गटावर भरवसा ठेवायचा. हे तोंडी सांगून येत नाही, आधी गादीवर मुद्दाम पडून दाखवावं लागतं. मांडीच्या उंचीवरून दहा-दहा वेळा, खाली झेलणाऱ्या उभ्या.

मान दुखतेय, हात-पायाला मुंग्या येतायत असं कुणी म्हणाली तर उचलून बाकावर नेऊ नका. आहे तशी पडू द्या, डोकं धरून ठेवा, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागून मळमळ, गरगर, गोंधळल्यासारखं झालं तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टर. 'आता बरं वाटतंय' हे तिचं म्हणणं ग्राह्य धरायचं नाही, कारण वरची जागा जाईल या भीतीने मुली खोटं बोलतात.

अंगावर काहीही नको : बांगड्या, कानातले, पैंजण, मनगटातला दोरा. नखं कापलेली. सरावाच्या दिवशी पायाला तेल किंवा क्रीम नको. केस बांधलेले, पण वर मोठा अंबाडा नको, पाठीवर पडल्यावर मान उचलली जाते. जेवणानंतर दीड-दोन तास थांबा. शाळा सुटल्यावर घेणार असाल तर आधी एक केळं आणि पाणी द्या. सकाळच्या शाळेच्या मुली दुपारपर्यंत रिकाम्या पोटी असतात.

कंदी_पेढा

साताऱ्याकडून जमिनीबद्दल. लोकांना वाटतं जितकी मऊ गादी तितकं बरं. चूक. कापसाच्या किंवा जाड फोमच्या गादीवर तळाच्या मुलींचे घोटे डगमगतात, पाऊल रुततं, आणि वर उभी असलेलीला बोटीत उभं राहिल्यासारखं होतं. तालमीतल्या लाल मातीचंही तेच. पडायला उत्तम, उभं राहून उचलायला वाईट.

हवी ती घट्ट चटई. कबड्डीसाठी मीटर बाय मीटरच्या एकमेकांत अडकणाऱ्या चटया मिळतात, अडीच-तीन सेंटिमीटर जाडीच्या. जवळच्या क्रीडामंडळाकडे किंवा मोठ्या शाळेकडे असतात, दोन दिवसांसाठी मागून आणा. कुस्तीची मॅट त्याहून चांगली. चार ते सहा सेंटिमीटर जाड आणि घट्ट, पण तिचा टेम्पो करावा लागेल. सांध्यांवर रुंद चिकटपट्टी मारा, नाहीतर फटीत अंगठा अडकून घोटा मुरगळतो. पेव्हर ब्लॉकवर काहीच नको, चटई टाकूनही. खालची वरखाली पातळी चटई लपवते, घालवत नाही.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं मैदान ५४ फूट बाय ४२ फूट असतं, सहा फुटी नऊ पट्ट्या शेजारी शेजारी. तेवढं कुणाला परवडतंय. चार गटांना प्रत्येकी चार मीटर बाय चार मीटर, म्हणजे ६४ चटया. तेवढ्या न मिळाल्या तर गट एकानंतर एक उचला. चारही एकदम उचललेच पाहिजेत असं नाही. डावीकडून लाटेसारखे उठले तर दिसतंही छान.

भडंग_मित्रमंडळ

सातारकर फुकट सल्ला देतायत. पेढ्यात काही घातलंय काय?

कंदी_पेढा

भडंग खाऊन तहान लागली असेल, पाणी प्या.

हलगी_घुमकं

बरं, करायचंच ठरलं असेल तर निदान तालावर तरी करा. स्पीकरवर इंग्रजी गाण्यांचे तुकडे जोडून लावले की एक तुकडा तुटला आणि २२ मुली २२ दिशांना. हलगी-घुमकं घ्या. वाजवणारा मुलींकडे बघून थांबतो, एखादा गट उशिरा चढला तर एक आवर्तन जास्त देतो. पेन ड्राइव्ह देत नाही.

गणित सोपं आहे. मिनिटाला १४४ ठोके धरले तर अडीच मिनिटांत ३६०. आठ-आठच्या ४५ ओळी. वहीत ४५ ओळी आखा आणि भरा. आत येणं ४, हातांच्या हालचाली ८, उड्या ४, मांडीवरचा प्रकार ६, आरोळ्या ६, खांद्याची उचल ८, नाच ५, बाहेर जाणं ४. बेरीज करून बघा. पहिले तीन आठवडे १०० च्या वरच जाऊ नका. वेग वाढवला की लय सुधारत नाही, चुका झाकल्या जातात.

डिसेंबरच्या सकाळी हलगीचं कातडं सैल पडतं, आवाज बद्द येतो. कागद पेटवून शेकावी लागते. त्याला दहा मिनिटं आणि कोपरा द्या, मंडपाच्या कापडापासून लांब. आणि वादकाला निदान दोन सरावांना बोलवा. आयत्या वेळी आणलेला वादक रंगात येऊन ताल चढवतो, पोरी वरच राहतात.

लेझीम आणि हे एकत्र करणार असाल तर लेझमी खाली ठेवायची जागा चटईपासून दहा फूट लांब हवी. लोखंडी साखळीवर कुणी पडलं तर काय होईल ते सांगायला नको.

बाराखडी

हट्ट कायम होता ना?

हलगी_घुमकं

हट्ट कायम आहे. ताल त्याहून मोठा.

रंगपेटी

झुपक्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. क्रेप कागदाचे करू नका. घामाने रंग सुटतो, हात लाल, पांढरे बूट लाल. टेबलावर अंथरायचं पातळ प्लास्टिक मीटरवर मिळतं. त्याच्या एक सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. एका झुपक्याला सव्वाशे ते दीडशे. मधोमध केबल टायने करकचून आवळा, टायचं टोक कापून त्यावर चिकटपट्टी, नाहीतर तळहात ओरबाडतो. मुठीला रुंद इलॅस्टिकचं वेटोळं, दोन बोटं आत जातील इतकं. शेवटी पट्ट्या चुरगळा, म्हणजे फुगतात. २२ मुलींचे ४४ झुपके, दोन दुपारचं काम. उचल करायच्या आधी झुपके खाली जातात, हातात ठेवून कुणालाही उचलता येत नाही. त्यासाठी ४५ ओळींत एक ओळ धरा, हलगीवाल्यांनी ती धरलेली नाही.

कपडे : चकचकीत नायलॉनची लेगिंग घसरते, वरचीचा पाय हातात राहत नाही. सुती ट्रॅक पॅंट, अंगाबरोबर बसणारी, वर टी-शर्ट आत खोचलेला. ओढणी, पट्टा, लोंबणारं काहीही नको. फेटा बांधायचा मोह होणारच. तळाच्या मुलींना बांधू नका, वरचीचा हात टेकला की तो डोळ्यांवर येतो. मागची जी हात वर करून घोटे धरते तिचा तुरा वरचीच्या पोटरीला लागतो. फेटा हवा तर आरोळ्या देणाऱ्या दोघींना. नऊवारीत लेझीम होते, उचल होत नाही. निऱ्यांत पाय गुंततो. बूट पांढरे कॅनव्हासचे, मऊ तळाचे. स्पोर्ट्स शूजच्या जाड तळव्यांनी तळाचीच्या मांडीवर वळ उठतात.

हलगी_घुमकं

मान्य. नाचाच्या पाचातली एक काढा.

दुसरा_बाक

तंत्र भरपूर झालं. मूळ प्रश्न वेगळा वाटतो. मुलींना चार थर का हवेत आणि पालकांना पाच का?

धावण्यात घड्याळ असतं, धनुर्विद्येत गुण. मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली, साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुलमध्ये ५५ किलो गटात रौप्य उचललं. किती सेकंद, किती गुण, किती किलो, हे आकडे कुणाच्या टाळ्यांवर अवलंबून नाहीत. शाळेच्या संमेलनातल्या कार्यक्रमाला असं काहीच माप नसतं. मग टाळी हेच माप होतं, आणि टाळी उंचीला पडते. दोन थरांची अचूक उचल आणि दोन थरांची लटपटणारी उचल यातला फरक खुर्चीत बसलेल्यांना कळत नाही. तीन आणि चारमधला कळतो. म्हणून थर वाढतात.

मुलींना स्वतःला सिद्ध करायचंय यात गैर काही नाही. फक्त त्यांना माप द्या. 'दहापैकी किती वेळा' असा तक्ता भिंतीवर लावा, गटवार. पाच ते आठ मोजेपर्यंत पाऊल न हलता उभी राहिली तर एक खूण. मुली तक्त्याशी भांडतील, उंचीशी नाही.

माणदेशी_वारा

असहमत. सगळं गुळगुळीत करून टाकलं तर त्या वयातल्या मुलींना कशातच जोर वाटणार नाही. थोडी भीती, थोडी चढाओढ हवीच. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते भिंतीवरच्या तक्त्यावर खुणा करून नव्हे.

दुसरा_बाक

खाशाबांच्या समोर त्यांच्याच वजनगटातला मल्ल होता, ५७ किलोचा. पाठीवर १२५ किलो घेऊन गुडघ्यांवर बसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कुस्तीत वजनगट का असतात याचा विचार करा.

माणदेशी_वारा

हे बरोबर बोललात. तरी चढाओढ हवी.

समतोल

चढाओढ गटागटांत लावा, वरच्या जागेसाठी नको. वरची कोण हा प्रश्न पहिल्याच दिवशी भांडण लावतो. वर्गासमोर वजनकाटा ठेवून सगळ्यात हलकी निवडतात, तो प्रकार बंद करा. एक तर तो अपमान आहे, दुसरं म्हणजे निवडही चुकते. वरचीला लागतो तो घट्टपणा. चाचणी सोपी. मुलीला ताठ उभी करा, दोघींनी तिची कोपरं अंगाशी धरून दोन इंच उचला. फळीसारखी उचलली गेली तर ती वरची. मध्ये वाकली तर ३२ किलोचीही जड लागते.

तळाच्यांसाठी रोज बैठका वीस, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं अर्धा मिनिट, फळीसारखं कोपरांवर राहणं अर्धा मिनिट, टाचा उचलणं वीस. दुसऱ्या आठवड्यापासून वाढवा. आणि प्रत्येकीला एकदा तरी प्रत्येक जागी उभी करा, मांडीच्या उंचीवर. वर जाऊन आलेली मुलगी तळाला गेल्यावर हात सोडत नाही.

कुतूहल_मिरज

आरोळ्या मराठीत चालतील?

बाराखडी

चालतील काय, मराठीतच द्या. मोकळ्या पटांगणात 'आ' आणि 'ओ' लांब जातात, 'इ' मरते. जोडाक्षरं टाळा, 'क्रीडा' आणि 'स्फूर्ती' पाचव्या रांगेत पोचत नाहीत. एक हाक चार ठोक्यांची, उत्तर प्रेक्षकांकडून : 'कोण धावणार?' 'आपण धावणार!' उत्तर द्यायला तेवढेच ठोके मोकळे सोडा. पोटातून, हनुवटी सरळ ठेवून. घशातून ओरडलं तर तिसऱ्या दिवशी आवाज बसतो. हात करताना मूठ अंगठा बाहेर ठेवून, आणि हात खांद्याच्या रेषेत नको, किंचित पुढे. स्वतःला डोळ्यांच्या कडेने दिसला पाहिजे, तरच सगळ्यांचे एका उंचीवर येतात.

शुश्रूषा

उड्यांचं एक राहिलं. सिमेंटवर दिवसाला वीसपेक्षा जास्त नकोत, नडग्या दुखायला लागतात. पाय जोडून, गुडघे वाकवून, चवड्यावरून टाचेवर उतरायचं. धप्प आवाज आला तर चुकलं. कानांनीही शिकवता येतं.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुलींसमोर खांदेकरींचा हिशोब फळ्यावर मांडला. पाच थरांच्या मधोमध कोण बसणार असं विचारल्यावर शांतता. मग एकीने विचारलं, "बाई, दोन थर पण चार गट असं चालेल?"

तर असं ठरतंय : चार गट, पाच-पाच जणी, दोघी बदली. तीन आठवडे मांडी, पुढचे दोन आठवडे खांदा, शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही नाही. सलग दहापैकी दहा झालं नाही तो गट त्या दिवशी मांडीवरच थांबेल, बाकीच्यांच्या बरोबरीने. कबड्डीच्या चटया ४८ मिळतायत, म्हणून लाटेसारखं. हलगी ठरली.

पालकांची लेखी संमती घेतोय. पाच थरवाल्या पालकांना काय सांगू, ते मात्र अजून सुचलेलं नाही.

खांदेकरी

४८ चटया म्हणजे तीन गटांच्या. चौथा उठायच्या आत पहिला उतरून बाजूला झाला पाहिजे आणि चौथ्याने त्याच्या जागी यायला हवं. त्या अदलाबदलीला दोन ओळी लागतील, आरोळ्यांच्या सहातून काढा. बदली दोघींना मागची जागा पक्की शिकवा. तळाची गैरहजर असेल तर तो गट त्या दिवशी उचल करत नाही, पण मागची गैरहजर असली की 'चालतंय, पुढची आहे ना' म्हणून उचलतात.

आणि पालकांचं सोपं आहे. तीन गट ओळीत म्हणजे बारा मीटरची रुंदी. त्यांना मधोमध पहिल्या रांगेत खुर्ची द्या आणि फोटोची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवा.

भडंग_मित्रमंडळ

म्हणजे मोबाइल आडवा धरायचा. कळवतो.